वेढा उठल्याचा सण

मंगळवार, २७ सप्टेंबर

कास्परचा फोन आला. शुक्रवारी मारिट येणार आहे, सोमवारचा सण करून जाईल.

"तिला लायडन नीट बघायचंय, आई. खायचं, प्यायचं, फिरायचं. तिकडे ग्रोनिंगनला अभ्यास करून करून पोर आंबलीये."

मी म्हटलं, येऊ दे की. मग तो म्हणाला, "आणि तुलाही बघून येईल."

बघून येईल म्हणजे काय ते मला कळतं. झ्वोलेला त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली इमारत आहे, तिथे तळमजल्याचा फ्लॅट रिकामा होतोय. सोमवारी हो की नाही ते कळवायचं. सोमवारी तो स्वतः येणार, जेवणार आणि लेकीला घेऊन जाणार. त्याआधी लेक त्याला सांगणार, ओमा, म्हणजे तिची आजी, एकटी राहू शकते की नाही.

ऑगस्टमध्ये मी जिन्यावरून पडले ते त्याला ठाऊक नाही. शेजारच्या श्यानला ठाऊक आहे, कारण तिनेच उचललं. त्यानंतर पुन्हा पडले ते श्यानलाही ठाऊक नाही.

माझा नवरा ब्राम समोरच्या पुलावर होता, पूल उघडायचा आणि बंद करायचा, निवृत्त होईपर्यंत. आता कुठेतरी लांब खोलीत बसून बटण दाबतात. घंटा मात्र तीच आहे. बोट आली, घंटा वाजली, की मी अजून त्याच्या कॉफीसाठी उठते. उभी राहिल्यावर लक्षात येतं, तो आता नाही. झ्वोलेला घंटा नाही. तिथे मी कशाला उठू?

शुक्रवार, ३० सप्टेंबर

आली. स्टेशनवर गेले नाही, गुडघा राखून ठेवायचा होता. ओव्हनमध्ये केक आहे म्हणून सांगितलं. केक खरंच होता, सफरचंदाचा.

दार उघडलं तर जाड लोकरीचा स्वेटर, त्यावर कोट, त्यावर गळपट्टा. इथे लोक अजून नुसत्या शर्टावर हिंडताहेत. तीनदा गालाला गाल लावले. तिचे गाल गार.

"ओमा, छान दिसतेस!"

"तूही," मी म्हटलं. मला ती उंच झाल्यासारखी वाटली.

ठेवणीतली बशी काढली, केक कापला. तिने आधी त्याचा फोटो काढला. बशी जरा फिरवली, काटा बाजूला ठेवला, पुन्हा काढला. "पपाला पाठवते." म्हणजे परीक्षा सुरू झाली. बरं झालं ठेवणीतली बशी काढली ते. मग म्हणाली, "गाडीत सँडविच खाल्लं गं, आत्ता जागाच नाही पोटात." मी केक झाकून ठेवला. आमच्यात एकदा विचारायचं, नको म्हटलं की नको. आग्रह म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, दुसऱ्याच्या पत्रात डोकावू नये, असं माझी आई सांगायची. मी कास्परला तेच शिकवलं आणि त्याने हिला.

एवढ्यात श्यान मागच्या दाराने आत. दार वाजवणं तिला ठाऊकच नाही.

"ही का कास्परची? अगं पोरी, हे कपडे तू घातलेस की खुंटीवर टांगलेस? ग्रोनिंगनला जेवण बंद केलंय का सरकारने?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "श्यान, जिभेला लगाम घाल."

"लगाम घोड्यांना. मी गाढव, मला माफ आहे." आणि केकचा तुकडा हातात घेऊन बसलीसुद्धा. "सोमवारी सकाळी माशाच्या रांगेला उठायचं बरं का, बाई. हेरिंग आणि पांढरा पाव. नाही आलीस तर तुझ्या वाटचा मी खाईन."

"खा की," मारिट म्हणाली आणि दोघी हसल्या.

श्यान गेल्यावर मी मारिटची माफी मागितली. "मनावर घेऊ नकोस. ती मासळीबाजारात वाढली."

"नाही गं, मजेशीर आहे." मग ती वर अंघोळीला गेली. नळ किती वेळ चालू होता! आजकालच्या मुलांना पाण्याची किंमत नाही.

रात्रीच्या जेवणाला वाटाण्याचं दाट सूप केलं होतं. बोलता बोलता तिने बराच वेळ चमचा फिरवला. तिचं बोलणं गोड आहे. माझ्याकडे मात्र सारखी बघत होती, मी उठते कशी, बसते कशी. मी टेबलाला हात न लावता उठून दाखवलं. दोनदा.

तिला माळ्यावरची खोली दिलीये. शिडीसारखा जिना आहे. मी माळ्यावर चढत नाही, असं कास्परला गेल्या वर्षी वचन दिलंय.

शनिवार, १ ऑक्टोबर

मी खाली आले तेव्हा ही धावून परत आलेली. कालव्याच्या कडेकडेने पार शहराबाहेर. मी म्हटलं, आता तरी भूक लागली असेल. "वाटेत सफरचंद खाल्लं."

बाजारात गेलो. तिने सगळं आधीच ठरवून आणलंय, कुठे काय खायचं, कुठे काय बघायचं. मासळीच्या गाड्यावर तळलेल्या माशाचे तुकडे घेतले, लसणाच्या सॉसबरोबर. आधी फोटो. एक तुकडा खाल्ला, "अहाहा, ओमा!" म्हणाली. मग पुलाच्या कठड्याशी उभी राहून सीगलला एक दाखवला. तो मेला इतका धीट की झडपच घातली, आणि सगळा डबा पाण्यात. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग काकवीची गरम वाफल घेतली. अर्धी मला दिली. थोड्या वेळाने उरलेली अर्धीही मला दिली. "तुला आवडते ना? तूच खा." मुलगी प्रेमळ आहे. सगळं दुसऱ्याला देते. माझ्या मात्र पोटाला तडस लागली.

मग म्हणाली, पवनचक्की बघायची. सात मजले, आणि मजल्यामजल्याला शिडी. ठरवूनच आणलं असणार. पहिल्या मजल्यावर कशीबशी चढले. तिथे जात्याची दगडं मांडून ठेवलीत. मी म्हटलं, "तू जाऊन ये. मला ही दगडं नीट बघायचीत."

"दगडं?"

"आवडतात मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वर गेली. दगडांकडे बघत मी बसले. एक पाटी तर तोंडपाठ झाली. ती वरून आली तेव्हा ओठ निळे पडले होते, वर वारं फार होतं म्हणाली. शेवटच्या शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून थोडी बसली. मी म्हटलं, मलाही येते उंचावर.

उतरल्यावर कालव्याजवळच्या बाकावर बसलो. सोमवारचा सण कशाचा ते लहानपणी ऐकलं होतं, विसरले, म्हणाली. मला आनंद झाला. माझी शाळा लवकर सुटली, पुढचं सगळं ग्रंथालयात शिकले, आणि हा वेढा तर मी चार-पाच पुस्तकांतून वाचलाय. तिला सांगितलं. स्पॅनिश फौजेने शहराला वेढा घातला. आत अन्न संपलं. मांजरं, झाडांची पानं, उकडलेलं कातडं, काही सोडलं नाही लोकांनी. मग बांध फोडून पाणी आत घेतलं, बोटी आल्या, आणि बोटींतून हेरिंग आणि पांढरा पाव. कित्येक जण तो पाव अधाशासारखा खाऊन मेले म्हणे.

श्यानला हे सांगायला लागलं की ती जांभया देते. मारिट मात्र कान देऊन ऐकत होती. "शेवटी शेवटी त्यांना भूक लागत नसेल," ती म्हणाली.

"का?"

"काही दिवसांनी थांबते. मग हलकं वाटतं. आपण जिंकतोय असं वाटतं."

"जिंकतोय? कोणावर?"

तिने खांदे उडवले. मला वाटलं, वाचन चांगलं दिसतंय पोरीचं.

संध्याकाळी कास्परचा फोन. "आई, ताटांचे फोटो बघून मलाच भूक लागली! दोघींनी मिळून लायडन खाऊन टाकलंत की." आवाज मोकळा होता. म्हणजे अजून तरी मी नापास नाही.

रविवार, २ ऑक्टोबर

आज घडलेलं लिहावं की नाही, कळत नाही. लिहिते.

दुपारी हुत्स्पॉट करायला घेतला. सणाच्या आदल्या संध्याकाळी इथे घराघरात तोच असतो. वेढा उठला त्या दिवशी शत्रूच्या ओसाड छावणीत शिजत ठेवलेला सापडला म्हणतात. गाजर, कांदा, बटाटा एकत्र शिजवून घोटायचं, बाजूला मऊ शिजलेलं गोमांस. मारिटने सगळी गाजरं सोलली, सारख्या आकाराचे तुकडे केले. स्वयंपाकात इतकी रमणारी मुलगी मी पाहिली नाही. मी म्हटलं, मीठ बघ. "तूच बघ ओमा, तुझ्या जिभेला कळतं."

मग ती कपडे बदलायला माळ्यावर गेली. गाजर धुताना तिच्या हातांकडे लक्ष गेलं होतं, नखं जांभळी. वर हीटर नीट चालत नाही. मी ब्रामचं लोकरीचं ब्लँकेट खांद्यावर टाकलं आणि चढले. वचन आठवलं. पण दोन मिनिटांचं काम, आणि चढताना काही होत नाही. चढताना मी अजून चाळिशीतच असते.

दार अर्धवट लोटलेलं होतं. ती पाठमोरी होती, अंगात फक्त आतली बंडी.

ब्रामच्या शेवटच्या महिन्यात त्याची पाठ मीच पुसायचे. म्हणून अशी पाठ मला ठाऊक आहे. पण तो सत्तरीपारचा होता, आणि त्याला कॅन्सर होता.

मी आवाज केला असणार. ती वळली, आणि त्याच वेळी गुडघ्याने दगा दिला. पाय मागे सरकला, खाली पायरी नव्हतीच. दोन्ही हातांनी कठडा धरला. ब्लँकेट खाली गेलं, मी मात्र लटकून राहिले. वर जाता येईना, खाली येता येईना.

"हलू नकोस," मारिट म्हणाली. ती माझ्या अंगावरून कशी उतरली ठाऊक नाही. खालून एकेक पाय धरून तिने पायरीवर ठेवला. शेवटी तिने मला कवेत घेतलं तेव्हा तिचा दंड माझ्या गालाला लागला. त्यावर मांस नव्हतं. तरी तिने मला पेललं.

आम्ही दोघी खालच्या पायरीवर बसलो. दोघींनाही धाप लागलेली.

"पपाला म्हणालीस माळ्यावर चढत नाहीस."

"तू पपाला म्हणालीस सगळं खाल्लंस."

तिने ब्लँकेट ओढून अंगावर घेतलं. "याआधी पडलीयेस?"

"दोनदा."

"त्याला सांगितलंस?"

"नाही. तू?"

"काय मी?"

"मारिट, तू आजारी आहेस."

"नाहीये. परीक्षा होती, ताण होता. माझं मी बघतेय." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे बघ ओमा. मी उद्या सांगते, ओमा ठणठणीत आहे, जिना पोरीसारखा चढते. तू सांग, मारिटने सगळं खाल्लं. तुला घर हवंय ना?"

तिचा आवाज दुष्ट नव्हता. बसमध्ये उठून मला जागा द्यावी, तसा होता.

मी हो म्हणाले.

नंतर टेबलावर हुत्स्पॉट वाढला. तिने फोटो काढला. मग माझ्याकडे बघून काटा खाली ठेवला आणि खाण्याचं नाटकही केलं नाही. आता गरज नव्हती ना. श्यान जत्रेला चला म्हणून बोलवायला आली, मी डोकं दुखतं म्हटलं. ताट मी झाकून ठेवलं. मग उघडून पुन्हा बघितलं. कशासाठी, ठाऊक नाही.

सोमवार, ३ ऑक्टोबर

सकाळी रांगेत उभ्या होतो. श्यान पुढे, मी आणि मारिट मागे. बँड वाजत होता, अर्धं शहर झोपेत आणि अर्धं कालच्या बिअरमध्ये. श्यान ओळखीच्या प्रत्येकाला टोमणे मारत होती. "काय रे पीट, दरवर्षी फुकटचं खायला बरोबर उठतोस, चर्चला कधी दिसला नाहीस!" "चर्चमध्ये हेरिंग ठेवा, येतो." मारिटही हसत होती. गळपट्ट्याआड तिचे दात वाजताना मला ऐकू येत होते.

पाव हातात आला तेव्हा अजून कोमट होता. तिने तो माझ्या पिशवीत टाकला.

दुपारी कास्पर आला, त्याच्या बायकोची ड्युटी होती म्हणून एकटाच. फुलं आणली होती. घरात शिरला तो हसतच, लेकीला मिठी मारली. एवढे कपडे होते मध्ये, त्याला काय कळणार. मी टेबल मांडलं. हेरिंग, पाव, कांदा, कालचा हुत्स्पॉट गरम करून.

"चल मारिट, लायडनकरणीसारखं खा बघू!" त्याने स्वतःचा मासा शेपटीला धरून तोंड वर केलं. तिनेही केलं. मासा खाल्ला, पाव खाल्ला, हुत्स्पॉट खाल्ला. सगळं खाल्लं, भराभर. कास्पर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता, बघ माझी पोर. मी नुसतं पाणी पीत होते.

"आलेच," म्हणाली आणि वर गेली. नळ सुरू झाला.

कास्पर खुर्चीत मागे रेलला. "बरं, आई. आमचं बोलणं झालंय सकाळी फोनवर. ती म्हणते, ओमा माझ्यापेक्षा तरतरीत आहे, जिना काय, पवनचक्की चढली."

"पवनचक्की," मी म्हटलं.

"खरं सांगू? मला बरंच वाटलं. तुला इथून उपटायचं माझ्या जिवावर आलं होतं. पपा इथे गेले, तुझं सगळं इथे. मी फ्लॅटवाल्यांना आत्ताच कळवून टाकतो, नको म्हणून. उद्या पुन्हा विचार नको." त्याने फोन काढला, चष्मा लावला, नंबर शोधायला लागला.

वर नळ चालू होता.

बाहेर पुलाची घंटा झाली. मी उठले नाही. कास्परचा अंगठा फोनवर वर-खाली होत होता. नळ अजून चालूच. मला वाटलं होतं, आता मला हायसं वाटेल. घर माझं झालं होतं, त्याला फक्त एक फोन करायचा होता. आणि मला सारखी ती खालची पायरी दिसत होती, तिच्यावर आम्ही दोघी.

"थांब," मी म्हटलं.

"काय झालं?"

"फोन ठेव. मारिटला खाली येऊ दे."

नळ बंद झाला. ती आली. डोळे लाल, तोंड धुतलेलं. माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. दारातच उभी राहिली.

"ओमा, नको."

"मारिट, मी शब्द दिला होता. तो मोडतेय. तुझ्या तोंडावर मोडतेय, पाठीमागे नाही. कास्पर, ही जेवत नाही. आजारी आहे. आत्ता जे खाल्लं तेही हिने पोटात ठेवलेलं नाही."

कास्पर आधी हसला. मग म्हणाला, "आई, काहीतरीच काय. फोटो आहेत माझ्याकडे. कालचा, परवाचा."

"भरलेल्या ताटांचे आहेत. रिकाम्या ताटाचा एक तरी आहे का बघ."

त्याने खरंच बघितलं. बघत गेला, मागे मागे, लायडनच्याही मागे, ग्रोनिंगनपर्यंत. मग फोन पालथा ठेवला. टेबलावरचे काटे-चमचे गोळा करायला लागला, सगळे एका हातात घेतले आणि परत जिथल्या तिथे ठेवले.

"मारिट? स्वेटर काढ."

"पपा!"

"बाळा, काढ."

तिने काढला नाही. तिने माझ्याकडे बोट केलं. "ती पडली जिन्यावरून! दोनदा! काल माळ्यावर लटकली होती, मी नसते तर मेली असती! आणि पवनचक्कीत दगडं बघत बसली, सगळं खोटं, तिचं सगळं खोटं!"

"हो," मी म्हटलं. "सगळं खरं बोलतेय ती."

कास्पर माझ्याकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा. लहानपणी बर्फावर घसरून पडला की तो असाच बघायचा, रडायचं की नाही ते न ठरल्यासारखा. शेवटी तो उठला आणि तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. तिने त्याला ढकललं. तो हलला नाही. तिने पुन्हा ढकललं. मग ती त्याच्या शर्टात तोंड घालून रडायला लागली, मोठ्याने, अगदी लहान मुलासारखी. तोही रडायला लागला.

मी ताटं उचलली. मला तेवढंच सुचलं.

मिरवणूक सुरू व्हायच्या आत ते गेले. दारात तिने गालाला गाल लावला नाही. गाडीत बसली आणि समोर बघत राहिली. कास्पर म्हणाला, "फ्लॅटचं हो कळवतोय, आई." मी म्हटलं, कळव.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

काही नाही. श्यान येऊन गेली. तिला सांगितलं.

"मी शुक्रवारीच म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो. आणि मी तुझ्या वतीने माफी मागितली."

जाताना श्यानने मागचं दार हळूच लावून घेतलं. असं पहिल्यांदाच झालं.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

कास्परचा फोन. डॉक्टरांकडे जाऊन आले. हे वर्ष ती घरीच राहणार, दर आठवड्याला दवाखान्यात जायचं आहे. हृदयाचे ठोके फार मंद आहेत, आणखी उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं. घरी ती कोणाशी बोलत नाही. आईशी थोडं. माझं नाव काढलेलं चालत नाही. फ्लॅट जानेवारीत मिळेल. "छोटाच आहे, पण ऊन येतं," कास्पर म्हणाला.

मी विचारलं, "तू जेवतोस ना?" तो म्हणाला, "आई, आता तू सुरू करू नकोस." मग दोघंही जरा हसलो. मग तो म्हणाला, "मीही कधी विचारलं नाही गं तिला. एकदा विचारायचो आणि सोडून द्यायचो."

मी म्हटलं, कोणी शिकवलं तुला ते?

सोमवार, १० ऑक्टोबर

ब्रामच्या कपाटाला आज हात लावला. दोन कोट श्यानच्या मुलाला देईन. बूट ठेवले. बूट का ठेवले ते विचारू नये.

दुपारी फोन वाजला. मी म्हटलं, कास्पर? तिकडून कोणी बोलेना. श्वास ऐकू येत होता.

"मारिट?"

"तू मला फसवलंस."

"हो."

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

"हो."

"सारखं हो हो काय करतेस? भांड ना!"

"भांडायला माझी बाजू हवी. ती कुठे आहे?"

मला वाटलं, ठेवला फोन. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"आणि मी तुझं घर घालवलं," ती म्हणाली.

"जिन्याने घालवलं. तू फक्त सांगितलंस."

"राग नाही आला?"

"आला. तुझा नाही. त्याचा आला." मी ब्रामबद्दल बोलत होते. तो असता तर मी कशाला पडले असते. हे मी कोणाला म्हटलं नव्हतं, तिला म्हटलं. तिने ऐकून घेतलं.

मग एकदम म्हणाली, "ओमा, तू आज काय जेवलीस?"

मी सांगणार होते, सूप. तोंडावर आलं होतं.

"कॉफी."

"आणि?"

"कॉफी."

"काल?"

"काल श्यानने काहीतरी आणलं होतं. नुसतं हलवून ठेवलं."

"ओमा!" ती ओरडली. इतक्या जोरात की मी फोन कानापासून लांब धरला. "घरात काय आहे? अंडी आहेत?"

"आहेत."

"मग कर. आत्ता. मी थांबते."

फोन ओट्यावर ठेवला. अंडी फोडली, पाव भाजला. मी काय करतेय ते तिला मोठ्याने सांगत होते, आता उलटतेय, आता मीठ. ती म्हणाली, "उभ्याने खाऊ नकोस, टेबलाशी बस." मी बसले. फोन बशीशेजारी ठेवला. पहिला घास फार मोठा वाटला. गिळला.

मग मी विचारलं. तिने नको म्हटलं तरी चालेल, पुन्हा विचारीन, असं ठरवूनच विचारलं.

"आणि तुझ्यासमोर काय आहे?"

"दही. आईने ठेवलंय. सकाळपासून."

"मग?"

"बघतेय त्याच्याकडे."

"बघ," मी म्हटलं. "मला घाई नाही."